पोस्टकार्डावर बसलेला शिक्का

मी एक पोस्टकार्ड बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण आमच्या जातीला पाकीट नसतं. पोटात असेल ते साऱ्या गावाला दिसतं, म्हणून आम्ही जन्माचे भित्रे.

नव्या पैशांचं राज्य नुकतंच आलं होतं, तेव्हा नाशिकच्या छापखान्यात माझा जन्म झाला. तिथून तुळजापुरात आलो, ते नारायणराव उपाध्यांच्या घरी. नवरात्र जवळ आलं की नारायणराव देवीच्या दर्शनाला येणाऱ्या आपल्या यजमानांना कार्डं धाडतात, ‘नेहमीप्रमाणे आमच्याकडंच उतरावं.’ मजकूर आणि पत्ते त्यांची मुलगी शामला लिहिते, आणि नारायणराव शेवटी आपल्या नावाचा शिक्का मारतात. मलाही वाटलं, विजापूरच्या एखाद्या यजमानाला क्षेमकुशल कळवून मोकळा होईन.

पण शामलानं माझ्यावर भलतंच लिहिलं.

गावात सिनेमाचा तंबू आला होता. मधे कनात, अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. नारायणरावांनी आधीच बजावलं होतं, “तंबूच्या आसपास दिसलीस तर शाळा बंद. मॅट्रिकचं नाव काढायचं नाही.” मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. तरी ही पोरगी शेजारच्या रुद्रम्माकाकूंबरोबर गेलीच! आणि बघून गप्प बसेल तर शामला कसली? मुंबईच्या एका सिनेमाच्या साप्ताहिकात वाचकांची मतं छापतात, त्यासाठी तिनं मला घेतलं.

‘नायिका दिसते छान, पण तासभर रडली तरी काजळ जागचं हलत नाही. आमच्याकडं लग्नात रडणाऱ्या बायका येऊन बघा. देवी प्रकट होते तेव्हा लाजते कशाला? देवी आहे की नवी नवरी? राक्षस मात्र झकास, त्याचा शब्दन् शब्द कळतो. तिसरं गाणं कापा. त्यात आमच्या बाजूची सगळी पोरं झोपली.’ खाली सही, ‘एक प्रेक्षक’, आणि पाठीवर साप्ताहिकाचा पत्ता.

एवढ्यात नारायणरावांची चाहूल लागली. घाबरून तिनं मला यजमानांच्या गठ्ठ्यात खुपसलं. नारायणराव बसले, पाहुण्याशी बोलत बोलत धपाधप शिक्के मारत सुटले. माझ्यावरही एक बसला. ‘नारायणराव उपाध्ये, तुळजापूर.’ मी ओरडणार तरी कसा? शामला दारात पांढरीफटक होऊन उभी होती, आणि गठ्ठा नारायणरावांबरोबर टपालात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा पोस्टमन मला हातात नाचवत दारात हजर.

“काका, बाकीची कार्डं बिदर, गुलबर्ग्याची. ह्ये एकच सिनेमाच्या अंकाला कसं? चुकून गेलं असंल म्हून आणलं. लई मजेचं लिवलंय.”

ओसरीवर यजमान गुरुसिद्धप्पा बसले होते. आत शामलाच्या हातातली वाटी खाली पडली. नारायणरावांनी मला घेतलं आणि वाचायला लागले.  अक्षर कुणाचं हे त्यांना सांगायला नको होतं. आता शाळा बंद, आणि मी बंबात! मला दुसरं काही सुचेना.

“काय हो, तुमचंच काय?” गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

नारायणरावांनी मला मांडीवर पालथं घातलं. “माझंच. सिनेमात देवीची चेष्टा करतात, म्हणून लिहिलंय.”

“बरं केलासा बघा,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

ते दर्शनाला गेल्यावर नारायणरावांनी हाक मारली. “शामले, कुणाबरोबर गेली होतीस?”

“रुद्रम्माकाकूंबरोबर.” ती पुढं झाली. “तात्या, शाळा तेवढी बंद करू नका.”

त्यांनी दौत ओढली, माझ्यावर उरलेल्या जागेत एक ओळ लिहिली आणि मला तिच्या हातात दिलं. “पेटीत टाकून ये. आणि तशीच शाळेला जा, उशीर होईल.”

पेटीपाशी तिनं मला उलटं करून वाचलं. तिच्या शेवटच्या ओळीखाली तात्यांचं वाकडं अक्षर होतं, ‘कनातीच्या पलीकडं, आमच्या बाजूचीही झोपली.’

पोरीनं तोंडावर पदर दाबला. डोळ्यांत पाणी होतं, आणि खांदे हसण्यानं हलत होते.

आता मी मुंबईला जाणाऱ्या थैलीत आहे, आणि माझी भीती दुप्पट झाली आहे. आधी एकट्या पोरीसाठी घाबरत होतो, आता बापासाठीही. संपादक महाराज, एवढी विनवणी ऐका. मला टोपलीत टाका, उंदरांना घाला, माझं काही नाही. पण छापलंच, तर खालचा शिक्का छापू नका. उपाध्यांना गावात राहायचं आहे. आणि ती शेवटची ओळ गाळू नका. शामला अंक उघडून आधी तीच शोधणार आहे.