माहेरचं पोट

माझी नंदिनी चार वर्षांची आणि पोट दिवस भरलेल्या बाईसारखं. आमच्या आंजी गावात कोणी विचारलं, "काय चारता हो पोट्टीले?" की माझी माय चटकन म्हणायची, "नाचणगावचं पोट हाय. सुनेच्या माहेरचं." लोक हसायचे. माझी बायको जया पोरीचा फ्रॉक खाली ओढायची. आणि मी? मी वांगी तोडत राहायचो, नामर्दासारखा.

वर्ध्याच्या दवाखान्यातून तपासणीचा कागद घेऊन आम्ही परतलो, तर जयाची थैली भरून ओट्यावर ठेवलेली.

"जाय बापाकडे, पोट्टीले घेऊन," माय म्हणाली. "त्याहिच्या घरचं दुखणं त्याहिनंच निस्तरावं."

माय खताच्या खड्ड्याजवळ मेथी निवडत बसली होती. नंदिनी धावत गेली आणि पिवळी पानं खड्ड्यात टाकू लागली. जया मुकाट्यानं जुड्या बांधायला बसली.

"काय म्हणे डॉक्टरीण?"

डॉक्टरीणबाईंनी मला पेशीचं चित्र काढून दाखवलं होतं. मी मायला खड्डाच दाखवला.

"शरीराच्या पेशीपेशीत असे खड्डे असतात, माय. डोळ्याले न दिसणारे. लायसोझोम म्हणतात. जुनं, मोडकं तिथं जाते, कुजते, अन् त्याचं खत पुन्हा शरीराच्या कामी येते. पण कुजवाले रस लागतात. नंदिनीचा एक रस कमी हाय. एका जातीची चरबी फुटतच नाई. खड्डे भरले. डाव्या बरगडीखालची पाणथरी फुगली, उजवीकडचं लिव्हर फुगलं, हाडं दुखतात."

मायचा हात थांबला. "म्हणून पाय दाबून मागते थे? मी म्हणो, नाटकं करून राह्यली." मग म्हणाली, "रस कमी काऊन झाला?"

"तो बनवाची खूण माय-बाप दोघांकडून येते. एक बिघडली तं दुसरी निभावून नेते. हिले दोन्ही बिघडलेल्या भेटल्या. एक जयाची, एक माही."

"जयाची समजते. तुह्यात कुठून आली?"

जुडी बांधता बांधता जयाच हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तुमचं माहेर कोणतं हो?"

माय म्हणजे जयाच्या बापाची सख्खी बहीण. भावाची पोर सून करून आणायचा हट्ट तिचाच. तीन वर्षं जयाला माहेरावरून टोचताना ते आपलंही माहेर आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तरी कुठं आलं!

"कोणाचा दोष नाई, माय. डॉक्टरीणच म्हणे."

माय उठली. हात धुतले, पदराला पुसले. नंदिनीचा फ्रॉक वर करून त्या पोटावर तिनं पहिल्यांदाच हात ठेवला.

"दुखते का वं?"

"आजी गुदगुल्या करून राह्यली!" पोरगी खिदळली.

मायनं ओट्यावरची थैली रिकामी केली आणि खुंटीला अडकवली.

कमी पडलेला रस सलाईनमधून देता येतो, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा; सरकारी मदतीचा अर्ज सहा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. पोरीची पाणथरी वाढत होती, साहेबांचा चहा संपत नव्हता. परवा एकदाची तारीख मिळाली.

पहिल्या सलाईनला निघालो, तर एसटीत नंदिनी आजीच्या कडेवर. सीटवर बसलेली एक बाई म्हणालीच, "बापा! किती चारता वं हिले?"

जयाचा हात सवयीनं फ्रॉककडे गेला. मायनं तो बाजूला केला.

"माह्या माहेरचं पोट हाय, बाई," ती म्हणाली. "सरक तिकडं, बसू दे माह्या नातीले."