आह मांच्या वाढदिवसाची पाचवी खुर्ची

सिंगापुरातल्या गेक लानच्या घरी त्या शनिवारी एकच प्रश्न घोळत होता. सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस होता. नुकतंच मोठं पारितोषिक मिळालेल्या एका हॉटेलात महत्प्रयासाने टेबल मिळालं होतं, पण ते चौघांचं. गेक लान, तिचा नवरा वे किआँग, सात वर्षांची हुई एन आणि सासूबाई, ज्यांना सगळं घर ‘आह मा’, म्हणजे आजी, म्हणे. मग मारिविकचं काय करायचं?

मारिविक फिलिपीन्सहून घरकामाला आलेली. कित्येक वर्षं घरात राहून आह मांचं सगळं तीच करायची. आह मांचे हात थरथरत, त्यामुळे घास भरवायलाही तीच लागे.

“येऊ दे तिला. मागे उभी राहून भरवेल,” गेक लान म्हणाली. “सगळेच तसं करतात.”

आणि खरंच, सगळेच तसं करतात! म्हणून तर कुणाला काही वाटत नाही.

हॉटेलात पहिला पदार्थ आला. तांदळाच्या पिठाच्या इवल्याशा कुरकुरीत वाट्या आणि त्यांत झिंग्याचं सारण. मारिविकने वाकून एक वाटी आह मांच्या ओठांशी नेली. आह मांनी तोंड मिटून घेतलं.

“ही जेवलीय का?”

“हो तर! घरूनच जेवून आलीय,” गेक लान घाईने म्हणाली.

“कधी? माझे केस विंचरत होती तेव्हा, की मला बूट घालत होती तेव्हा?”

मारिविक कसनुसं हसली. “मला भूक नाही, आह मा. तुम्ही खा ना.”

“तू गप गं. तुझं पोट केव्हाचं बोलतंय, मला ऐकू येतंय!”

हुई एनने हळूच विचारलं, “आई, मारिविकला शिक्षा झालीय का? आमच्या वर्गात शिक्षा झाली की असं उभं करतात.”

गेक लानचे कान तापले. “आह मा, इथे तमाशा नको. लोक बघतायत. आणि इथली पद्धतच अशी आहे.”

“पद्धत?” आह मा शांतपणे म्हणाल्या. “तुझ्या बँकेच्या बैठकीत बायकांना मागच्या रांगेत बसवतात म्हणून तू परवा साहेबाशी भांडलीस ना? मला तुझा केवढा अभिमान वाटला! पण पोरी, तिथे निदान खुर्ची तरी देतात.”

गेक लानला बैठकीतली ती मागची रांग आठवली. आपण तेच करतोय! तेच, आणि तेही आपल्याच घरच्या माणसाशी!

ती ताडकन उठली आणि वाढणाऱ्याला म्हणाली, “एक खुर्ची आणा. आम्ही पाच जण आहोत.”

“पण बाईसाहेब, स्वयंपाक मोजून चौघांचाच केलाय.”

“चालेल. पाच जण वाटून खाऊ. ताट तेवढं द्या.”

खुर्ची आली, पाठोपाठ खेकड्याचा रस्साही आला. “मारिविक, मी खोटं बोलले. चुकलं माझं. बस,” गेक लान म्हणाली आणि तिने स्वतः चमचा हातात घेतला. सासूबाईंना भरवण्याची तिची ही पहिलीच वेळ. रस्सा ओठांऐवजी हनुवटीवर गेला!

“अगं, तोंड इकडे आहे!” आह मा ओरडल्या, आणि वे किआँगला हसता हसता ठसका लागला.

“मॅडम, चमचा थोडा खालून आणा,” मारिविक म्हणाली, पण उठली मात्र नाही. तिच्या पुढ्यात रस्सा गरम होता, नारळाच्या दुधातला. तिने घास घेतला आणि डोळे मिटले. “आमच्याकडेही असाच नारळ घालतात. पण आई मिरच्या डबल टाकते!”

“मग पुढच्या रविवारी तू सांग, मी करते,” गेक लान म्हणाली.

“देवा, म्हणजे मला उपास!” वे किआँग म्हणाला, आणि टेबल पुन्हा खदखदून हसलं.

शेजारच्या टेबलामागेही कामाला ठेवलेली एक मुलगी त्यांच्या बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिथली बाई बराच वेळ इकडे बघत होती. मग तिने बाळ आपल्या मांडीवर घेतलं आणि बाजूच्या खुर्चीवरची पर्स खाली ठेवली.

वाचकहो, जे माणूस आपल्या माणसांना घास भरवतं, तेच उपाशी उभं राहिलं, तर पारितोषिकाचं जेवणसुद्धा बेचवच. शेजारी एक खुर्ची ओढायला कितीसे कष्ट पडतात? आजच ओढा!