हाफ डे

दिघीच्या मैदानावर पिचरची किंमत दत्तोबा ठरवतात. सर नाही, पंच नाही, महाराष्ट्राच्या संघासाठी मुली निवडायला येतात ती माणसंसुद्धा नाहीत. दत्तोबा. भोसरीकडचे जुने पैलवान, कान फुललेले, उजवा पाय ताठ, हातात काठी. पायऱ्यांवर मधोमध बसतात आणि मांडीवर एक कापडी पिशवी ठेवतात. तिच्यात गुलाबी फेटा असतो. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत जी पिचर मैदानात उभी राहील, तिला सामना संपल्यावर ते स्वतःच्या हाताने फेटा बांधतात. हरो की जिंको.

बेसबॉल कधी पाहिला नसेल तर सांगते. पिचर म्हणजे मधल्या उंचवट्यावरून चेंडू टाकते ती. तिच्या समोर, बॅटरच्या मागे, तोंडावर जाळी बांधून उकिडवी बसते ती कॅचर. ती मी, पिंकी. आठवडाभर चाकणला कंपनीत वायरी जोडते आणि रविवारी चेंडू झेलते. आमचं मूळ गाव बीडकडचं, त्यामुळे तोंड जरा फाटकं आहे, सांभाळून घ्या.

आमची पहिली पिचर अफरीन. पिंपळे गुरवला आमच्याच गल्लीत राहते, तिच्या अब्बांचं गॅरेज आहे. तिचा चेंडू काही लई जोरात येत नाही. सरळ येतो, बॅटरला वाटतं आता घेतलाच, आणि अगदी शेवटी खाली बसतो. बॅटरची बॅट त्याच्या डोक्यावरून घसरते, चेंडू जमिनीवरून घरंगळतो, आमची पोरगी उचलून फेकते आणि बॅटर बाद. टाळ्या उचलून फेकणारीला. अफरीनला कुणी विचारत नाही.

निरंजन सर, आमचे कोच, तिला पाचव्या नाहीतर सहाव्या इनिंगनंतर काढायचे. सात इनिंगचा सामना असतो, तिघी बाद झाल्या की इनिंग संपते, पण हात दमला की पिचर बदलायची, हा साधा हिशोब. पायऱ्यांना तो कधी पटला नाही. सगळी कुस्ती बघून मोठी झालेली माणसं. एकदा दत्तोबांनी सरांना विचारलं होतं, "सर, कुस्तीत मधीच पैलवान बदलत्यात व्हय?" पायऱ्या खो खो हसल्या. आता यावर सरांनी काय बोलावं, कपाळ?

कंपनीतून सुटून येणाऱ्या पोरांनी तिचं नावच पाडलं, हाफ डे. "हाफ डे आली का रे?" "आली, जेवणाच्या सुट्टीत जाईल घरी." तिच्यानंतर स्वप्नाली यायची, जोरात टाकायची, कधी जिंकवायची कधी हरवायची, पण शेवटी मैदानात ती असायची म्हणून लोकांच्या लक्षात तीच. अफरीन पाच इनिंग एकही रन न देता निघायची आणि पायऱ्यांवरून आवाज यायचा, आखाडा सोडला. मला इतका राग यायचा की वाटायचं हीच जाळी काढून एकेकाच्या तोंडावर बांधावी आणि म्हणावं, बसा इथं उकिडवे, मग कळेल कोण किती पाण्यात आहे.

पण अफरीनला तो फेटा हवा होता. वेडी होती त्याच्यापायी. सरावाहून परत येताना विचारायची, "पिंके, गुलाबी रंग मला शोभेल का गं?" मी म्हणायचे, "फेटा शोभायला आधी डोकं लागतं." ती हसायची. पण पुढल्या वेळी पुन्हा तेच.

जिल्ह्याच्या फायनलच्या काही दिवस आधी ती सकाळीच आमच्याकडे आली, हातात कंगवा. "वेणी घालून दे." मी म्हटलं, का, तुझ्या अम्मीचे हात दुखतायत? ती माझ्याकडे पाठ करून खाली बसली. वेणी घालताना माझ्या लक्षात आलं, तिचा उजवा हात डोक्यापर्यंत नीट जात नव्हता. कोपरापाशी सुजलं होतं. मी ओरडणार, तेवढ्यात तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. सरांना सांगायचं नाही. फायनल होऊ दे, मग म्हणशील त्या डॉक्टरकडे येते."

मी गप्प बसले. शपथ म्हटल्यावर काय करता?

फायनलला पायऱ्या गच्च भरल्या होत्या. समोर हडपसरच्या मुली. निवड करणारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली. अफरीनने सहा इनिंग अशा टाकल्या की माझ्या ग्लोव्हला सवय झालेली ती धप् एकसारखी येत राहिली. आम्ही एका रनने पुढे होतो. सरांनी तिला बाजूला घेतलं. "बस झालं, अफरीन. स्वप्नाली तयार आहे."

"नाही सर. मी टाकणार."

"हात कसा आहे?"

"एकदम ठीक."

पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "हाफ डे, आज ओव्हरटाइम कर." हशा झाला, मग टाळ्या, मग सगळे तिचं खरं नाव घेऊन ओरडायला लागले. अफरीन, अफरीन. दत्तोबांनी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली. तिने ते पाहिलं. सरांनीही पाहिलं असावं. ते म्हणाले, "बरं, जा."

सातव्या इनिंगचा पहिला चेंडू बसलाच नाही. छातीएवढा वर आला तसाच राहिला. दुसरा तसाच. ग्लोव्हमध्ये आवाज पोकळ आला. तिसरा बॅटरने हाणला आणि ती धावत पहिल्या बेसवर, रनच्या पहिल्या टप्प्यावर, पोचली. मी पंचांना थांबायला सांगून उंचवट्यावर गेले. अफरीनने चेंडू डाव्या हातात धरला होता.

"उजव्या हातात घे बघू."

"पिंकी, जा तू मागे."

"घे म्हणते ना."

तिने घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चेंडूवर बसेना, नुसती लोंबत होती. "कळत नाहीत ती दोन," ती हळूच म्हणाली. "पण तीन बोटांनी टाकते मी. तिघींना तर बाद करायचंय. पिंके, तो बघ, फेटा बाहेर काढलाय त्यांनी." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "शपथ आहे तुला माझी."

शपथ मोडली तर ज्याची घेतली ते माणूस मरतं म्हणतात. आमच्या आईचा अजूनही विश्वास आहे यावर. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या दोन बोटांकडे बघवत नव्हतं. मी जाळी काढली आणि सरळ चालत सरांकडे गेले. "तिची दोन बोटं बधिर झालीत. कोपर सुजलंय. काढा तिला."

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्वप्नालीला हाक मारली. अफरीन माझ्या शेजारून गेली. "माझ्यासाठी तू मेलीस," ती म्हणाली, अगदी शांतपणे.

स्वप्नालीने दोन रन दिले आणि आम्ही हरलो. तिची चूक नव्हती, तापलेल्या तव्यावर कुणालाही बसवलं तर काय होणार. पण पायऱ्यांनी दोष मला दिला. जिंकलेली कुस्ती घालवली. घरभेदी. शेजारच्या गल्लीतले काकाही बोलले. निवडीत अफरीनचं नाव आलं नाही. तिचे अब्बा तिला तसंच स्कूटरवर बसवून हॉस्पिटलला घेऊन गेले, आणि ती मागे वळूनसुद्धा पाहिना.

सगळे गेले तरी दत्तोबा बसलेलेच. मी रागाने पायऱ्या चढून गेले. "तुम्हीच राहिलात. बोला, तुम्हीपण बोला."

ते फेट्याची घडी घालत होते. "माझा गुडघा भोसरीच्या जत्रंत गेला," ते म्हणाले. "कुस्ती लागायच्या आधीच गेला व्हता. तालमीतल्या जोडीदाराला ठावं व्हतं. त्याला म्या शपथ घातली. त्यो बोलला न्हाई. म्या कुस्ती मारली, ह्यो फेटा मिळाला, आन् पुन्यांदा लंगोटाची लांग कसली न्हाई."

मी विचारलं, "जोडीदाराने तेव्हा पंचांना सांगितलं असतं तर?"

"शिव्या घातल्या असत्या त्याला. जनमभर." त्यांनी काठीवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मी हात दिला. "पर त्याच्या दारापत्तोर चालत जाऊन घातल्या असत्या."

डॉक्टरांनी सांगितलं, कोपरातला लिगामेंट अर्धा फाटला होता आणि बोटांकडे जाणारी नस दबली होती, अजून थोडं टाकलं असतं तर हात गेला असता. हे मला तिच्या अम्मीने, सुरय्याखालांनी सांगितलं. अफरीनने नाही. तिचा हात गळ्यात बांधला होता. गल्लीत समोर आले की ती दार लावून घ्यायची. ईदला मी शिरखुर्म्याला गेले नाही, होळीला आईने पाठवलेल्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे दारातच ठेवून आले. आमची मैत्री लहानपणापासूनची होती. लई रडले मी त्या दिवसांत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन, हेही स्वतःला दर वेळी बजावायचे.

पावसाळा गेला. एका रविवारी मी मैदानावर स्वप्नालीचे चेंडू झेलत होते. स्वप्नाली अचानक थांबली आणि उंचवट्यावरून बाजूला झाली. अफरीन आली होती. हातावर पट्टा नव्हता. वेणी घातलेली होती, जराशी वाकडी, तिची तिनेच घातल्यासारखी. तिने स्वप्नालीच्या हातातून चेंडू घेतला.

"बस खाली," ती मला म्हणाली.

मी बसले. पायऱ्यांवर दत्तोबा एकटेच होते, पिशवी मांडीवर.

पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. "बेइमान," ती म्हणाली. मी उठून चेंडू आणला, परत दिला. दुसरा बाजूला पडला. "शपथ घातली होती मी तुला. माझा जीव काहीच नाही का तुला?" तिला हुंदका येत होता आणि ती टाकत होती. तिसरा, चौथा. प्रत्येकाला एक शिवी, काही तर मी कंपनीतसुद्धा ऐकल्या नव्हत्या. मी प्रत्येक वेळी चेंडू उचलून परत देत राहिले. तिचं बरोबर होतं, तिला त्या द्यायच्याच होत्या.

मग एक चेंडू सरळ आला, आणि अगदी शेवटी खाली बसला. माझ्या ग्लोव्हमध्ये धप् झालं, जुनं, भरलेलं, आणि तळहाताला झिणझिण्या आल्या. जाळीतून मला समोरचं नीट दिसेना.

"अजून दे," मी म्हटलं.