ही टाळी नाही

"साहेब, तुमच्या ऑफिसात आमच्यासारखी बहिरी माणसं किती हायेत?"

हा प्रश्न माझा नव्हता. वर्षाराणीने पैज लावली होती. "विजे, तू विचारलंस तर माझ्या डब्यातली सगळी धपाटी तुझी. पण तू कसली विचारतीस!" हातांनी ती असली टोचते ना, की तोंडानं बोलणाऱ्यांनी शिकून घ्यावं! मागच्या वर्षीपर्यंत मी कुणासमोर उभीसुद्धा राहिले नसते. पण यंदा गॅदरिंगच्या नाटकात सरपंच झाले आणि माझी भीडच मेली. उठले, विचारून टाकलं.

आमची मूकबधिर शाळा केजला. आम्ही हातांनी बोलतो आणि हातांनीच भांडतो. त्या दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब आमच्या दहावीच्या वर्गात आले होते. ते बोलत होते आणि वनमाला बाई खुणांनी आम्हाला सांगत होत्या : दहावीनंतर कॉम्प्युटरचं शिक्षण फुकट, आणि नोकरी लागली की सुरुवातीला खुणा समजावणारं माणूस सोबत. खर्च सगळा सरकारचा. पुरेशी मुलं निघाली तर वर्ग केजला, नाहीतर थेट संभाजीनगरला.

संभाजीनगर म्हटलं की माझं संपलंच. आई-आप्पा ऊसतोडीला कर्नाटकात असतात. दहावी झाली की पुढच्या हंगामाला मीही कोयता घेऊन त्यांच्यासोबत जायचं, हे घरी ठरलेलं. केजला निदान आत्या आहे. परक्या शहरात आई मला एकटीला ठेवेल? नावच नको.

पण आमची पोरं हलायला तयार नव्हती. याआधीही असेच कुणी आले होते आणि खडू करायला शिकवून गेले होते. सत्यम तर बाकाखालून खूण करत होता, "परत खडू!"

अशात मी तो प्रश्न टाकला. बाईंनी डोळे मोठे केले. "खरंच विचारू?" मी मान हलवली. बाईंनी विचारलं. साहेबांनी पँटचा पट्टा वर ओढला. ते सारखेच ओढत होते, म्हणून खुणेत आम्ही त्यांचं नाव 'पट्टा' ठेवूनही टाकलं होतं.

"एकही नाही," साहेब म्हणाले. "सांगायला लाज वाटते. पण तुमच्यातलं कुणी शिकून आलं, तर त्याला आमच्या ऑफिसात घ्यावं म्हणून मी भांडेन. बोला, कोण कोण येणार?"

एवढा मोठा माणूस असं सरळ खरं बोलतो? अख्ख्या वर्गाचे हात वर गेले आणि फडाफडा हलायला लागले! आमची टाळी अशीच असते. आवाजाचं आम्हाला काय करायचंय?

साहेबांना ते कुठलं ठाऊक! त्यांचा चेहरा असा फुलला की बस. "अरे, सगळेच?" लगेच मोबाईल काढून त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला. "सर, वर्ग केजलाच उघडू या! पोरांना धीर निघेना!" हे आम्हाला सांगता सांगता बाईंना हसू आवरेना.

"गप बस आता," वर्षाराणी मला म्हणाली. "आयतं जमलंय."

जमलं होतं खरं. पण वर्ग उघडला आणि आत मी एकटीच बसलेली असले, तर? आठवड्यात कुलूप, आणि माझ्या हातात कोयता! मी बाईंना म्हणाले, "सांगा त्यांना. ती टाळी होती."

बाईंनी सांगितलं. साहेबांचा मोबाईल कानावरून खाली आला. पट्टाही खाली आला, पण ओढायचं त्यांना भान राहिलं नाही.

मग मी बाकावर चढले आणि एक हात वर केला. अजिबात न हलवता. दुसऱ्या हाताने म्हणाले, "ही टाळी न्हाई. मी येणार!"

तशीच पोरांकडे वळले. "सत्या, जन्मभर खडूच करायचेत का? हा माणूस खरं बोललाय. उद्या फिरला तर त्याच्या ऑफिसात जाऊन मी भांडते. मी कशी भांडते ते तुला माहीत हाय."

सत्यमने कपाळावर हात मारला, आणि तोच हात वर गेला. "तुझ्या भांडणाचं भ्या वाटतं म्हणून," दुसऱ्या हाताने तो म्हणाला. वर्षाराणी म्हणाली, "धपाटी तर गेलीच, आता मी पण जाते." मग एकेक हात वर होत गेला. एकही हलत नव्हता. साहेब प्रत्येक हाताकडे बोट दाखवून बाईंना विचारत होते, "ही टाळी का होकार?"

"होकार, साहेब, होकार!"

वर्ग केजलाच ठरला! फोन संपल्यावर साहेबांनी दोन्ही हात वर करून हलवले. मोबाईल हातातच. पडता पडता वाचला.

संध्याकाळी मी आईला व्हिडिओ कॉल केला. हातात मोबाईल असला की आईचं बोलणं निम्मंच होतं, म्हणून आप्पांनी तो उसाच्या मोळीला टेकवला. आईने मनगटाला झटका दिला. आमच्या घरच्या खुणेत हा कोयता. "तुझ्यासाठी नवा बघून ठेवलाय. हलका हाय, हात दुखायचा न्हाई."

ती हसत होती. मग मीही मोबाईल खिडकीत टेकवला आणि दोन्ही हात मोकळे केले.

"आई, आप्पा, नवा कोयता घेऊ नका. मी ऊसतोडीच्या टोळीत येणार न्हाई. आत्याकडं राहून केजला कॉम्प्युटर शिकणार हाय, अन् मग नोकरी करणार. सगळ्या वर्गासमोर हात वर करून आलेय. आता खाली घेणार न्हाई."