वरच्या थरातली पाकिटं

डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "दुकानातच आहात ना? कुठे जाऊ नका, मी येतोय." आणि फोन ठेवला. दातांच्या डॉक्टरांचा आवाज कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. सुई टोचायच्या आधी होतो तेवढा मऊ.

मी काही चोर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची लॉन्ड्री वडिलांपासूनची. कपड्यांच्या खिशात काही राहिलं असेल, मग ते नाणं असो नाहीतर फाटकं तिकीट, आम्ही ते छोट्या पिशवीत घालून हँगरला टाचून परत देतो. वडिलांचा दुसरा नियम असा, की बटण लोंबत असेल, शिवण उसवली असेल, तर गिऱ्हाइकाला न सांगता, न विचारता शिवून टाकायची. पैसे लावायचे नाहीत आणि बोलूनही दाखवायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हा बायकोला मी हेच पहिल्यांदा शिकवलं, आणि ती माझ्याहून पक्की निघाली. लोक आमच्याकडे कपडे टाकतात ते धुलाईपेक्षा भरवशासाठी. तो गेला की दुकानाला कुलूप.

डॉक्टरांचे पांढरे कोटही कित्येक वर्षांपासून आमच्याकडेच येतात. त्या भरवशावरच त्यांनी माझ्याकडून खोका घेतला होता.

खोका जुन्या फुटबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या कार्डांचा. मी तरुण असताना खेळाच्या सामानाचं एक दुकान बंद होत होतं, तिथून उचललेला. खोक्याला नुसतं झाकण, पण आत थरावर थर मेणकागदाची बंद पाकिटं. प्रत्येकात थोडी कार्डं आणि च्युइंगमची एक चपटी वडी. त्या वर्षी एक पोरगेला गोलकीपर पहिल्यांदा मैदानात उतरला आणि पुढे फार मोठा झाला. त्याचं पहिलंवहिलं कार्ड यातल्या एखाद्या पाकिटात असेलही, नसेलही. शौकिनांना म्हणे त्यातच मजा असते. पाकीट फोडलं की त्याची किंमत गेली, आणि नाही फोडलं तर आत काय आहे ते मरेपर्यंत कळत नाही. असल्या वस्तूपायी शहाणीसुरती माणसं वेडी होतात. डॉक्टर झाले. त्यांनी दिलेल्या पैशांत मी वाफेचं नवं मशीन घेतलं, ते समोरच उभं आहे. आता पैसे परत मागितले तर मशीन कापून देणार की काय?

डॉक्टर आले. एका हातात खोका, दुसऱ्या हातात कोटांची पिशवी. आत आल्या आल्या त्यांनी दारावरची पाटी उलटी केली, बाहेरून 'बंद' दिसेल अशी. माझ्याच दुकानाची पाटी!

"घाबरू नका," ते म्हणाले.

त्यांनी काउंटरवर खोका ठेवला आणि दवाखान्यातलं ते कपाळावर बांधायचं भिंग काढून बांधलं. मग चिमट्याने एक पाकीट उचललं. मागे बायको शर्टाला इस्त्री करत होती. तिने मान वर केली आणि परत खाली घातली.

"कारखान्यात हे एकाच दाबात चिकटवतात. मेण सगळीकडे सारखं बसतं. हे खालच्या थरातलं बघा. आता हे वरच्या थरातलं. इथे मेण पातळ होऊन कडेला ओघळलंय. वरच्या थरातली सगळीच्या सगळी अशी आहेत." डॉक्टर शांतपणे सांगत होते, जणू माझाच एक्स-रे दाखवत होते. "याचा अर्थ असा, की कुणीतरी पाकीट अलगद उकललं, चांगलं कार्ड काढून घेतलं, भिकारडं कार्ड आत सरकवलं, आणि परत गरम करून चिकटवलं. या बाजारात चालतो हा धंदा. मी ऐकलं होतं. तरी घेताना भिंग आणायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघत बसलो."

"मी एकही उघडलेलं नाही," मी म्हणालो. "त्या दुकानदारानेच केलं असेल."

"कुठे असतो तो?"

"वारला."

"वा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी भिंग वर सरकवलं आणि दुकानभर नजर फिरवली. बायकोच्या हातातली इस्त्री, कोपऱ्यात गार होत ठेवलेल्या दोन, भिंतीवर टांगलेली वडिलांच्या वेळची जुनी. "गरम करून," ते परत म्हणाले. एवढंच.

खरं सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. इस्त्रीवाल्याच्या घरातलं पाकीट इस्त्रीने चिकटवलेलं! पोलीस तरी दुसरं काय म्हणणार? मला एकदम दिसायला लागलं, मी चौकीतल्या बाकावर बसलोय आणि शेजारपाजारचे खिडकीतून बघतायत.

"उद्या मी तक्रार देणार," डॉक्टर म्हणाले. "आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, की तिथे कपडे टाकायचे तर आधी आपापले खिसे तपासून टाका."

तक्रारीपेक्षा हे दुसरं वाक्य लागलं. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो. माझ्या हाताला माझा मेहुणा आला.

"माझा मेहुणा!" मी म्हणालो. "हिचा धाकटा भाऊ. काम सुटलं होतं तेव्हा आमच्याकडे राहायला होता. माळ्यावर झोपायचा, खोक्याच्या शेजारीच. सारखा म्हणायचा, दाजी, एक फोडून बघू या की. मॅचवर पैसेही लावायचा तेव्हा. त्याचंच काम आहे हे, डॉक्टर. आणखी कोण करणार?"

बोलत गेलो तसं मला ते खरंच वाटायला लागलं. बरंही वाटायला लागलं, हे त्याहून वाईट.

"नंबर द्या त्याचा," डॉक्टर म्हणाले.

नंबर मला पाठ आहे. मी घडाघडा सांगितला. त्यांनी लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली ती मलाही ऐकू येत होती.

"फोन ठेवा, डॉक्टर," बायको म्हणाली. "मी केलंय ते."

डॉक्टरांनी फोन बंद केला. मी मागे वळून बघितलं. ती काउंटरपाशी आली, पदराला हात पुसले आणि वरच्या थरातलं एक पाकीट उचललं.

"माळा साफ करत होते मी. खालच्या ड्रायरची धग वर लागते. वरच्या पाकिटांच्या घड्या सुटल्या होत्या, तोंडं उघडी पडली होती. म्हटलं, ह्यांचा जीव आहे या खोक्यात, ओल शिरेल. वर रुमाल टाकला, रेशमाला ठेवतो तेवढीच आच ठेवली आणि एकेक दाबून घेतलं. आतलं काढलं नाही, बघितलंसुद्धा नाही."

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो.

"शिवलेलं आपण सांगतो का कधी?"

डॉक्टर हसले नाहीत. "हे मी कशावरून खरं मानायचं?"

"फोडून बघा," ती म्हणाली.

आता घाबरायची पाळी डॉक्टरांची होती. ते पाकिटाकडे बघत राहिले. फोडलं आणि आत बनावट निघालं तर ते फसले होते. खरं निघालं तरी एक पाकीट आपल्या हाताने मारलं असं होणार होतं. रोज लोकांच्या तोंडात हत्यारं घालणारा माणूस, पण चिमटा पाकिटापाशी नेऊन परत मागे घेत होता. आणि मी? बायको खरं बोलतेय हे मला माहीत होतं. तरीही मनात येत होतं की भावाला वाचवायला खोटं बोलत असेल तर?

त्यांनी पाकीट फोडलं. वडीचे तुकडे झाले होते. तिच्या खालच्या कार्डावर तिचा तपकिरी डाग होता. डॉक्टरांनी तुकडे एकेक करून त्या डागावर जुळवले. तंतोतंत बसले, म्हणजे ते कार्ड इतकी वर्षं त्याच वडीखाली होतं, कुणी बदललं नव्हतं. त्यांनी दुसरं फोडलं, तिथेही तेच. तिसऱ्यात गोलकीपर होता.

पोरगेला, कान मोठे, हात छातीशी धरलेले. चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर मेण पाझरून काळपट चट्टा पडला होता. इस्त्रीने वितळलेलं मेण.

"चोराने हे सोडलं नसतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी भिंग सोडलं आणि स्टुलावर बसले. "तुमच्या पत्नी खरं बोलतायत. पण मी डोळ्यांनी बघितलं म्हणून मला पटलं. उरलेली पाकिटं मी पुढे कुणाला दाखवली तर कोण मानणार? एकेक फोडून दाखवू?" त्यांनी झाकण लावलं. "असू दे. माल खरा होता. बंद वस्तू घेतली, धोका माझाच."

मशीन वाचलं, दुकान वाचलं, मी वाचलो. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी पाटी सुलटी केली आणि कोटांची पिशवी काउंटरवर रिकामी केली. मग एकेक कोट उचलून प्रत्येक खिशात हात घालून बघितला, आणि मगच माझ्याकडे दिला. आजवर त्यांनी असं कधीच केलं नव्हतं.

ते गेल्यावर बायको परत इस्त्रीपाशी जाऊन उभी राहिली. मी म्हणालो, "अगं, घाबरलो होतो गं." कॉलर, मग बाह्या, मग पाठ. मी म्हणालो, "चूक झाली." तिने शर्टाची घडी घातली आणि दुसरा घेतला.

अंधार पडायच्या आत मेहुणा आला. हल्ली पार्सलं पोचवायचं काम करतो तो. हेल्मेट हातात, दम लागलेला.

"दाजी, काय झालं? अनोळखी नंबरावरून मिस्ड कॉल होता. मी लावला तर कुणी डॉक्टर बोलले. म्हणाले, तुमच्या दाजींना विचारा. सगळं ठीक आहे ना?" त्याने ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्यावर काही आळबिळ घेतलाय का त्यांनी? मी जाऊन बोलतो त्यांच्याशी. माझे दाजी लोकांच्या खिशातलं नाणंसुद्धा परत देतात म्हणावं."

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा घाबरलो होतो, त्याच्या कितीतरी पट आता घाबरलो. ती सांगेल असं वाटलं. मग वाटलं, ती सांगणार नाही, सगळं गपचूप शिवून टाकेल. तसं केलं असतं तर माझी सुटका होती.

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, भावाला स्टूल पुढे सरकवलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "विचार त्यांना."