पगाराच्या चिठ्ठ्या कोणी मागितल्याच नाहीत

मी एक जुनी फाइल आहे, तेरा कप्प्यांची, तपकिरी पुठ्ठ्याची. ओहायोतल्या एका लहान गावात वर्ना प्रुइटने मला विकत घेतलं, तेव्हा तिच्या मुठीत नव्या घराची किल्ली होती. घरकर्जाचा करार, कर्ज बुडालं तर बँकेला पैसे भरून देणाऱ्या सरकारी विम्याचा कागद, हप्त्यांच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या पोटात आलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता. "आख्खं घर आहे हिच्यात," असं वर्ना पाहुण्यांना सांगायची आणि मी आणखी फुगायची.

काही वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग काचेच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याचे, डेल्मरचे, कामाचे तास निम्मे झाले. हप्ता मात्र तेवढाच राहिला. व्याज उतरलंय, कर्ज नव्या दराने करून घ्या, असं शेजारी सांगत. पण वर्नाला धास्ती होती. बँक पगार विचारणार आणि घराची किंमत ठरवायला माणूस पाठवणार. पगार असा रोडावलेला, त्यात ओसरीचं छत एका बाजूला कललेलं! बँकेची पत्रं यायची, पण इकडे जाहिरातींवरही लाल अक्षरांत 'तातडीचे' छापतात. वर्नाने तीही जाहिरातीच समजून सगळी न उघडताच केराच्या डब्यात टाकली. ओढूनताणून वर्षभर हप्ते भरले, एकही चुकवला नाही.

अखेर घर विकायची गोष्ट निघाली, तेव्हा कुठे तिने नव्या दराच्या कर्जासाठी बँकेत वेळ घेतली. किंमत ठरवायला येणाऱ्या माणसासाठी ओसरी रंगवायला काढली.

"अगं, रंगाने छत सरळ होतं का?" डेल्मर म्हणाला.

"तू शिडी धर. अक्कल नंतर शिकव."

ठरल्या दिवशी मला काखोटीला मारून दोघं बँकेत गेली. लोरेन नावाच्या बाईसमोर वर्नाने पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या.

"त्या राहू द्या हो," लोरेन म्हणाली. "या कर्जावर सरकारी विमा आधीपासूनच आहे. हप्ते वर्षभर वेळेवर आलेत आणि नव्या कर्जात हप्ता कमी होतोय. अशा वेळी पगार विचारत नाही आम्ही."

"आणि घर बघायला येणारा माणूस?"

"कोणी येत नाही."

"अहो, मी ओसरी रंगवली की!"

डेल्मर इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. वर्ना मात्र मला छातीशी धरून ढसाढसा रडली. घर वाचलं होतं.

मला क्षणभर रागच आला. तेरा कप्पे भरून मी मिरवत आले आणि माझ्यातला जेमतेम एक विम्याचा कागद कामाला आला! पण तिचे खांदे सैल झालेले मला जाणवले, आणि माझाही जीव भांड्यात पडला. परतताना दोघांनी 'ॲपल पाय', म्हणजे सफरचंदाचं सारण भरलेला गोड पदार्थ, घेतला आणि गाडीतच खाल्ला. माझ्या झाकणावर त्याचा डाग आहे, तो मला आवडतो.

मित्रांनो, आम्हा कागदांना जपा, पण आम्हाला भिऊ नका. त्या वर्षीचे हप्ते भरायला डेल्मरने आपली मासेमारीची होडी विकली. लोरेनने दहा मिनिटांत जे सांगितलं, ते वर्षभर आधी विचारता आलं असतं. त्या होडीच्या विक्रीची पावती अजून माझ्या शेवटच्या कप्प्यात आहे.