मूठभर लोकर आणि पासिंगचा सायलेन्सर

सत्यभामाच्या मोटारसायकलीला पंधरा वर्षं पुरी होत होती. पोर पंधरा वर्षांचं झालं की घरादाराला कौतुक. गाडी पंधरा वर्षांची झाली की तिला पुन्हा पासिंगला न्यायचं, आणि साहेबानं कागदावर ‘योग्य’ लिहिलं तरच तिनं रस्त्यानं चालायचं. आज शेवटचा दिवस होता. नाही लिहिलं तर उद्यापासून गाडी दारात उभी. मग लांबच्या रानात बसवलेल्या मेंढरांना पेंड कोण नेणार, आजारी कोकरू पोटाशी बांधून दवाखान्यात कोण आणणार? नवरा कळपापाशी असायचा. गाडी सत्यभामाच चालवायची.

सोयगावहून निघाली तेव्हा मागं सासरा बसला, मुंजाबा. काखेत लोकरीची पिशवी, हातात चाती. म्हातारा बसता-उठता सूत काढायचा. चाती थांबली की समजायचं, डोळा लागला.

शहरात आरटीओच्या गेटवर सुकेशनी वाट बघत होती. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत तिचं गॅरेज. गाडीचा सायलेन्सर तिच्याच हातचा. कंपनीचा मूळचा ओढ्याच्या पाण्यानं सडून गळाला होता आणि कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. बाजारातला बसवला तर त्याच्या फटफटीनं गाभण मेंढ्या बुजायच्या, कळप चारी दिशांना उधळायचा. सुकेशनीनं तोच तीनदा खोलून आत जाळी बसवली. दर वेळी सत्यभामा गाडी कळपाच्या कडेनं नेऊन बघायची. तिसऱ्या वेळी एकाही मेंढीनं गवतातलं तोंड वर काढलं नाही, तेव्हा दोघींनी मानलं, जमला.

गेटच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राजकुमारचं दुकान. भिंतीवर दुधी भोपळ्यांसारखे सायलेन्सर टांगलेले, सगळे कंपनीचे, सगळे भाड्याचे. तेवढ्यात एक काळी गाडी आली. असा आवाज, की शेडचा पत्रा थरथरला. राजकुमारनं तिचं नळकांडं काढलं, कंपनीचा सायलेन्सर चढवला. गाडी शहाण्या सुनेसारखी आत गेली आणि पास होऊन बाहेर आली.

“मावशी, तुम भी लगा लो,” राजकुमार म्हणाला. “एक घंटे का तो काम. तुमच्या मॉडेलचा एकच राहिलाय, जपून ठेवलाय.”

“माझ्याला काय रोग झालाय?”

“रोग कोण बोला? कंपनीचा शिक्का नाय ना त्याच्यावर. साहेब शिक्का बघतो.”

“आन आवाज?”

“आवाज कोण ऐकतंय!”

सुकेशनी गाडी आणि राजकुमारच्या मधे येऊन उभी राहिली. “ताई, तुम्ही सांगाल तसं. पण हा मी माझ्या हातानं खोलणार नाय.”

“खोलू नगंस,” सत्यभामा म्हणाली. दोघी फॉर्म द्यायला खिडकीपाशी गेल्या.

गाडीपाशी मुंजाबा एकटा उरला. लायनीतली माणसं एकमेकांना सांगत होती, आवाज निघाला की नापास. म्हाताऱ्याला घोर लागला. ज्यानं जन्मभर लोकरीत ऊब बघितली, त्याला आवाजावरही लोकरच सुचली. पिशवीतली मूठभर काढली आणि सायलेन्सरच्या तोंडात बोटानं हलकेच सारली, जशी थंडीत पोराच्या कानात घालावी तशी.

नंबर आला. सत्यभामानं किक मारली. गाडी खोकली, कण्हली, मागून पांढरा धूर निघाला आणि जळक्या केसांचा वास सगळ्या मैदानावर पसरला.

साहेबानं नाकाला रुमाल लावला. “बाई, गाडी आणलीय का मेंढरू भाजताय? हे तुमचं रान नाही.”

लायन खदाखदा हसली. मुंजाबा पुढं झाला. “साह्यब, म्याच घातली. तिला नाय म्हाईत. म्हटलं, हळू बोलंल गाडी...”

सुकेशनी गुडघ्यावर बसली आणि तारेच्या आकड्यानं काळी गुठळी ओढून काढली. गाडी पुन्हा चालू झाली, धूर नाही, वास विरला. पण साहेब वाकून फक्त लोखंड बघत होता.

“शिक्का कुठंय? बाजारातला आहे हा. नापास.” मग आवाज खाली आणून, उपकार केल्यासारखं म्हणाला, “बाहेर मिळतो. तासाभरासाठी लावून आणा, मी करतो पास.”

“लाव की, बाय,” मुंजाबा पुटपुटला. “माझ्यापायीच झालं.”

आता मात्र सत्यभामाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं गाडी स्टँडला लावली, तिथंच, लायनीच्या तोंडाशी.

“साहेब, मामांनी चूक केली, ती सगळ्यांदेखत कबूल केली. तुम्ही हसलात, तेबी ऐकून घेतलं. पण मघाची काळी गाडी उसना सायलेन्सर लावून पास झाली, ती आता बाहेर कान फोडतीय. ऐकू येतंय का? आन माझी कायम हळू बोलती, ती नापास! मी उसना लावून खोटं बोलू, मग तुम्ही खरं लिवणार व्हय?”

“बाई, लायन खोळंबलीय. गाडी काढा.”

“नाय काढत. शिक्का बघता तो आवाजासाठीच ना? मग मोजा, आन किती आला ते लिवून द्या.”

मागून हॉर्न सुरू झाले. मागचा टेंपोवाला ओरडला, “ओ साहेब, मोजा ना एकदाचा! दुपारपर्यंत उभं करता का इथं?” मघाशी हसणारेच आता “मोजा, मोजा” करू लागले.

आवाज मोजायचं यंत्र कपाटातून निघालं, धूळ पुसायला शिपायाचा रुमाल लागला. सुकेशनीनं मूठ पिळून गाडी चढत्या आवाजात धरली. साहेबानं आकडा बघितला, यंत्र झटकलं, पुन्हा बघितला. तोच आकडा, हद्दीच्या बराच खाली. तोंड कडू करून त्यानं ‘योग्य’ लिहिलं.

“झालं ना काम? उगीच चिडता.”

सत्यभामानं कागद घेतला, आभार मानले नाहीत. मुंजाबा हात जोडायला निघाला, तर तिनं त्याचं मनगट धरून गाडीवर बसवलं.

शहर मागं पडलं तरी तिचं तोंड थांबेना. साहेब, शेड, भाडं, सगळ्यांचा उद्धार चालला होता. फर्दापूर आलं तेव्हा म्हातारा भीत भीत म्हणाला, “बाय, पास झालो की आपुन. आता तरी गप ऱ्हा.”

“पास झाले म्हनून तर बोलतेय, मामा. नापास झाले असते, तर रडत बसले असते.”